कडप्प्यावरचं चाक

बाबाने गाडीची चावी दाराजवळच्या हुकाला न अडकवता टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली, तेव्हाच मला कळलं की आजची फेरी बरी गेलेली नाही. आमच्या घरात चाव्यांना जागा ठरलेल्या आहेत. रोज लागणाऱ्या चाव्या हुकाला. ज्यांचं काम संपलं त्या ड्रॉवरमध्ये: गावच्या विकलेल्या घराची, कधीच भंगारात गेलेल्या स्कूटरची, एका कपाटाची जे आता कुठे आहे हे कोणालाच आठवत नाही.

"काय झालं?" आईने ओट्याजवळून विचारलं.

"काही नाही. स्टीअरिंग मुकं झालंय."

"म्हणजे हॉर्न?"

"हॉर्न नाही गं. स्टीअरिंग. रस्ता काय म्हणतोय ते हाताला सांगत नाही."

"रस्ता काय म्हणणार? खड्डे आहेत म्हणणार. ते मी इथे पोळ्या लाटता लाटता सांगते."

बाबा हसला नाही. तो चहाचा ग्लास घेऊन खिडकीपाशी बसला. बाबा चहा काचेच्या ग्लासातून पितो आणि ग्लास नेहमी वरच्या काठाला, दोन बोटांत धरतो, कारण चटका बसतो. त्या दिवशी त्याने तो मधोमध, पूर्ण मुठीत धरला होता, आणि चटका बसल्याचं काही लक्षण नव्हतं. थोड्या वेळाने त्याने ग्लास खाली ठेवला आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरवला. साडीच्या दुकानात बायका कापडाचा पोत बघतात तसा.

मी काही बोलले नाही. मी बहुतेक वेळा बोलत नाही. पण बघितलेलं माझ्या लक्षात राहतं.

बाबाला काही वर्षांपासून साखर आहे. मागच्या तपासणीला मी बरोबर गेले होते, कारण बाबा डॉक्टरांना महत्त्वाचं काहीच विचारत नाही. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांना कापूस लावला. लागला की 'हो' म्हणायचं. बाबा काही वेळा गप्पच राहिला. "टोकांना थोडा बधिरपणा आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर सांभाळा. गाडी खुशाल चालवा, हरकत नाही." बाबाने मान हलवली. पण तो आयुष्यभर एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये होता. 'खुशाल' हा शब्द काही त्याच्या लॅबमध्ये चालला नसता.

त्या दुपारी जेवताना तो म्हणाला, "विकून टाकू या. साधी गाडी मी चालवीन, रिक्षानेही जाईन. पण ही गाडी ज्याला रस्ता हाताला कळतो त्याची आहे. मला कळत नाही, तर मी ती अडवून ठेवू नये."

आई ताकाचं भांडं हातात घेऊन थांबली. गाडीला नावं ठेवण्यात ती सगळ्यांत पुढे असते, पण त्या वेळी ती काही म्हणाली नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती लाल आहे, छोटी, दोन माणसांची, कापडी टप मागे दुमडणारी. निवृत्तीनंतर बाबाने ती ठाण्यातल्या एका आजोबांकडून घेतली. ती त्यांच्या बंगल्याच्या आवारात आंब्याखाली झाकून उभी होती. घरी आणली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दोघांची गाडी आणि घरात माणसं तीन. मी कुठे बसायचं? डिकीत?" ती अजूनही त्या गाडीत बसलेली नाही. आम्ही निघालो की ती गॅलरीतून हात करते आणि परत येईपर्यंत गॅलरीतच काहीतरी काम काढते.

रविवारी सकाळी मी आणि बाबा फिरायला जायचो. डोंबिवलीहून कल्याणला, तिथून शहाडवरून मोहन्याकडे. तिथे जुन्या, बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत आहे आणि भिंतीला धरून एक मोठं, सावकाश वळण. पुढे चहाची टपरी. जाताना एक जण चालवायचा, येताना दुसरा. टप उघडा असला की वाऱ्यामुळे बोलता येत नाही, आणि हे मला फार बरं वाटायचं. ठाण्याच्या ऑफिसात माझ्याबद्दल 'तिला शिष्टपणा आहे' असं म्हणतात, हे मला माहीत आहे. तो शिष्टपणा नाही. चार जण एकदम बोलायला लागले की माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो, एवढंच. गाडीत माझ्याकडून वाक्याची अपेक्षा नसायची. बाबा वळणात किंचित मान तिरकी करायचा, आणि वळण संपल्यावर माझ्याकडे बघायचा. तेवढं पुरायचं.

म्हणून मला वाटत होतं की दोष गाडीचा निघावा. बाबाच्या हातांचा नको. हातांना कुठले नवे पार्ट मिळणार होते?

मी वाचायला लागले. याबाबतीत माझ्या इंग्रजी शाळेचा उपयोग झाला. जगभरातले लोक आपापल्या जुन्या गाड्यांच्या स्टीअरिंगबद्दल पानंच्या पानं लिहितात, आणि त्यांची भांडणं वाचायला मला आवडतं, कारण मला त्यांत बोलावं लागत नाही. आमच्यासारख्या उघड्या गाड्यांची तक्रार सगळीकडे एकच होती. सांगाडा वयाबरोबर सैलावतो, वळणात किंचित पिळवटतो. चाकांकडून जे हातापर्यंत यायला हवं ते मधल्या मधेच विरतं.

बाबाला हे कसं सांगावं ते मला सुचेना. शेवटी मी चपलांच्या कपाटावरून बुटांचा खोका आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हा झाकणासकट पिळून बघ."

त्याने पिळला. खोका हलला नाही.

"आता झाकण काढून."

झाकण काढल्यावर खोका पिळल्या टॉवेलसारखा वाकडा झाला.

"आपल्या गाडीला छत नाही," मी म्हणाले. "म्हणून." मग मी उघड्या खोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, आईची फुटपट्टी आडवी ठेवून चिकटपट्टीने घट्ट बसवली. "आता पिळ."

बाबाने पिळला. मग परत पिळला. मग फुटपट्टी काढून पुन्हा पिळला, पुन्हा लावून पुन्हा पिळला. त्याचा चेहरा बदलला. कितीतरी दिवसांनी तो लॅबमधला माणूस दिसला.

"म्हणजे इंजिनच्या वर असा एक दांडा."

"डाव्या-उजव्या सस्पेन्शनच्या माथ्यांना जोडणारा. आणि एक ब्रेस, म्हणजे आधाराची पट्टी, खालून."

"आणि तरीही स्टीअरिंग मुकंच राहिलं तर?"

मी खोक्याकडे बघत राहिले.

"तर मग ते माझे हात," बाबाच म्हणाला. "ठीक आहे. निदान नक्की कळेल. कळल्यावर मग काय ते ठरवू."

"माझी फुटपट्टी जागेवर ठेवा," आई आतून म्हणाली. "मला ब्लाउज बेतायचाय."

पार्ट मागवले, आले. खालची ब्रेस बसवायला शीळफाट्याजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक साधारण माझ्याच वयाचा, बडबड्या. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"काका, कसं आहे, इथे लोक येतात ते आवाज वाढवायला. नाहीतर लाइट वाढवायला. तुम्ही काय वाढवायला आलात ते मला अजून समजलं नाही."

"स्टीअरिंगची समज," बाबा म्हणाला.

"ती इथे कुणाचीच वाढत नाही काका, बाहेर बघा ना," तो शीळफाट्याच्या ट्रॅफिककडे हात करत म्हणाला. "ते टँकरवाले बघा. ये मर्ज़ लाइलाज है."

पण काम त्याने मन लावून केलं. ब्रेस खड्ड्यावर गाडी उभी करून खालून बसवली. वरच्या दांड्याची दोन्ही टोकांची बैठक बसवून दिली. मधला दांडा मात्र आमच्या हातात दिला. "हा तुम्ही घरी लावा. दोन बोल्टच आहेत. मॅडमना सवय होईल, काढायचा-घालायचा असेल तर. फक्त एक लक्षात ठेवा. गाडी जॅकवर असताना आवळायचा नाही. चारी चाकांवर उभी असताना आवळायचा. नाहीतर वाकड्या कमरेला पट्टा बांधल्यासारखं होईल, कंबर वाकडीच राहील."

"चारी चाकांवर," बाबाने परत म्हटलं. लॅबमध्ये सूचना परत म्हणून दाखवायची पद्धत असावी.

त्याच संध्याकाळी आम्ही आमच्या पार्किंगमध्ये, आमच्या नेहमीच्या जागेवर, गाडी तिच्या चारी चाकांवर उभी असताना दांडा बसवला. मी बोल्ट धरले, बाबाने पाना फिरवला. बॉनेटच्या आत तो दांडा इतका छान दिसत होता की बाबाने फडक्याने त्यावरचे आमच्या बोटांचे ठसे पुसले. वरून आई म्हणाली, "झालं का लग्न? या आता जेवायला."

रविवारी मोहन्याला जाताना बाबाने चालवली. कल्याण ओलांडेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. भिंतीजवळचं वळण आलं, त्याने स्टीअरिंग वळवलं, आणि मला त्याच्या जबड्याची हालचाल दिसली. टपरीपाशी त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद करून हात मांडीवर उताणे ठेवले.

"आधीपेक्षा वाईट," तो म्हणाला. "सरळ रस्त्यावर ती डावीकडे जातेय असं मला वाटतं. वळणात एकीकडे जड, एकीकडे हलकी. गाडीला एवढं सगळं लावलं, आणि मला हे असं वाटतंय. म्हणजे कळलं आता." त्याने चहा सांगितला, बिनसाखरेचा, आणि चहावाल्याशी हवेबद्दल बोलायला लागला. त्याचं ठरलं होतं.

परत येताना माझी पाळी होती. मी चालवायला बसले तेव्हा मला रडू येईल असं वाटत होतं आणि ते बाबाला दिसू नये म्हणून मी गॉगल लावला. भिंतीजवळून निघालो. सरळ रस्ता होता, रिकामा. मी स्टीअरिंग किंचित सैल धरलं.

गाडी डावीकडे सरकली. अगदी जराशी, पण सरकली.

मी परत सरळ केली. परत सैल धरलं. परत सरकली. उजव्या वळणाला स्टीअरिंग जड लागलं, डाव्या वळणाला हलकं. बाबाने जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वाऱ्याचा आवाज थांबल्यावर माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बाबा, हे मलाही लागतंय."

"काय?"

"डावीकडे जातेय. उजवीकडे जड आहे. तू म्हणालास तेच. सगळं."

बाबा माझ्याकडे बघत राहिला. गाडी खरोखरच बिघडली आहे, ही बातमी ऐकून एखाद्या माणसाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदा बघितला.

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे माझ्या हाताला कळलं."

"हो. पण आपण काहीतरी चुकीचं केलंय."

काय चुकलं ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही. सगळ्या वाटेने आम्ही तर्क करत होतो. बोल्ट कमी आवळले, जास्त आवळले, पार्टच वाकडा आला. बिल्डिंगमध्ये शिरल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी उतरले, कारण आमची जागा खांबाशेजारी आहे आणि लावताना कोणीतरी समोर उभं राहावं लागतं. बाबा चालवायला बसला. मी हात करत होते, "ये, ये, अजून ये…" आणि गाडीचं डावं पुढचं चाक कडप्प्यावर चढलं.

आमच्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी साचतं. एका वर्षी त्या बाजूच्या ब्रेकला गंज चढला. तेव्हा घरचा ओटा नवीन केल्यावर निघालेले जुने कडप्प्याचे तुकडे बाबाने त्या चाकाखाली एकावर एक रचले. आमच्याच कशाला, अर्ध्या बिल्डिंगच्या चाकांखाली काही ना काही आहे. कुणाची जुनी लादी, कुणाचा पेव्हर ब्लॉक, एका स्कूटरखाली तर पाट आहे. पावसाळा संपला तरी ते कोणी काढत नाही, कारण पावसाळा परत येणारच असतो. त्या दगडांवर आम्ही इतकी वर्षं गाडी चढवत होतो की ते आम्हाला दिसायचे बंद झाले होते.

त्या दिवशी दिसले. एक चाक वर चढलं, गाडीचा तो खांदा उचलला गेला, आणि अख्खा सांगाडा किंचित पिळवटून उभा राहिला. अगदी त्या खोक्यासारखा. आम्ही गाडी चारी चाकांवर उभी असताना दांडा आवळला होता, अगदी मेकॅनिकने सांगितलं तसं. त्याने कडप्प्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्याला काय माहीत.

मी बोट दाखवलं. बाबा उतरून आला, वाकून बघितलं, मग गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागला. असा हसला की वॉचमन बघायला आला.

"वाकड्या कमरेला पट्टा बांधला आपण," बाबा म्हणाला. "आईच्या ओट्याने घात केला."

"माझ्या ओट्याचं काय?" वरून आवाज आला.

आता प्रश्न सपाट जमिनीचा होता. एरवी लक्षात येत नाही, पण आपल्याकडे सपाट जागा नाहीच. पार्किंगला उतार आहे, पाणी वाहून जायला. रस्त्याला उतार आहे, तिथे पाणी वाहून जात नाही तरीही. मी फोनवर लेव्हल बघत बिल्डिंगभर फिरले. एकच जागा खरी सपाट निघाली. आवारातलं बॅडमिंटन कोर्ट. आणि कोर्टावर गाडी न्यायला सोसायटीची सक्त मनाई आहे, तशी पाटीच आहे.

"मी बोलतो सेक्रेटरींशी," बाबा म्हणाला. पण बाबा बोलला की काय होणार ते मला माहीत होतं. सेक्रेटरी काका 'नाही' म्हणतील आणि बाबा 'बरं' म्हणेल. तो भांडत नाही. तो चावी ड्रॉवरमध्ये टाकतो.

मीच गेले. लिफ्टमध्ये वाक्य तयार केलं होतं, दार उघडल्यावर ते विसरले.

"काका, आमची गाडी थोडा वेळ कोर्टावर उभी करायची होती."

"का? तिला खेळायचंय?"

"तिला सरळ उभं राहायचंय. म्हणजे, एक पार्ट बसवायचाय, आणि त्याला जमीन अगदी सपाट लागते. पार्किंगमध्ये उतार आहे."

"सरळ उभं राहायला परवानगी!" काकांनी आत बघून काकूंना सांगितलं. "ऐकलंस का, हिच्या गाडीला सरळ उभं राहायचंय. अगं, इथे बिल्डिंग तरी सरळ उभी आहे का? आधी ते बघा. कोर्टावर ऑइल सांडलं तर? परवा मुलं घसरतील."

नेहमी अशा वेळी मी 'ठीक आहे काका' म्हणून वळते. या वेळी मी तिथेच उभी राहिले. "खाली पुठ्ठे घालते. झाल्यावर मी स्वतः पुसून देते. बाबाला ती गाडी चालवायची आहे, आणि याच्याशिवाय तो चालवणार नाही."

काका आणि बाबा बऱ्याच वर्षांचे शेजारी आहेत. "का, काय झालं त्याला?"

"काही नाही," मी म्हणाले. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "एका अटीवर. कोपरला माझा मेव्हणा राहतो. त्याने नवीन गाडी घेतलीय आणि रोज फोटो पाठवतो. त्या लाल गाडीतून मला त्याच्या दारावरून एक चक्कर. थांबायचं नाही. फक्त हॉर्न मारून पुढे जायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी कोर्टावर उभी राहिली, पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये. बाबाचा फोनवर विश्वास नव्हता. त्याने आईचं मोठं ताट आणून, काठोकाठ पाणी भरून, चारी चाकांजवळ आळीपाळीने ठेवून बघितलं. आईही खाली उतरली, कारण ताट चांगलं होतं. आम्ही बोल्ट सैल केले तेव्हा दांडा 'टक्' असा आवाज करून किंचित सरकला. बाबा म्हणाला, "सुटली बिचारी." मग परत आवळले. शेवटचा पिळ मी दिला.

पुढच्या फेरीत गाडी सरळ गेली. वळणात मला फरक स्पष्ट कळला. मी ओरडून विचारलं, "कसं आहे?" बाबाने अंगठा वर केला. पण टपरीवर तो म्हणाला, "छान वाटतंय. पण सांगितल्यावर छान वाटतंच. दांडा लावलाय हे मला माहीत आहे, तू इतकी धडपड केलीस हेही माहीत आहे. असं चालत नाही. मला न सांगता बघायला हवं."

नियम त्याने केले. मी आधी खाली जायचं आणि नाणं उडवायचं. छापा आला तर दांडा ठेवायचा, काटा आला तर काढायचा. मनाने ठरवायचं नाही. "मन फसवतं, आणि तुझं मन माझ्या बाजूचं आहे." काढलेला दांडा डिकीत ठेवायचा नाही, खडखडतो, घरी गॅलरीत ठेवायचा आणि फेरीनंतर काकांना विचारून कोर्टावरच परत लावायचा. बॉनेट त्याने उघडायचं नाही. आणि मी तोंड झाकायचं.

"तोंड कशाला?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

माझ्या तोंडावर काहीच दिसत नाही असं बाकी सगळं जग म्हणतं. मी स्कूटीवरच्या मुली बांधतात तशी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली, वर गॉगल लावला. चहावाला मला ओळखेना.

पहिल्या रविवारी काटा आला. मी दांडा काढला आणि निघालो. वळण संपल्यावर बाबा लगेच म्हणाला, "नाहीये." पुढच्या वेळी छापा. "आहे." त्यानंतर परत बरोबर. मी ओढणीच्या आत हसत होते, ते त्याला दिसत नव्हतं. मग एकदा तो चुकला. दांडा होता आणि तो नाही म्हणाला. मला वाटलं, आता परत ड्रॉवर.

बाबा मात्र खूश दिसला. "एकदाही चुकलो नसतो तर मला वाटलं असतं, तूच कुठूनतरी सांगतेयस. एखादी चूक हवी. मग बाकीचं खरं."

चहा पिताना त्याने ग्लास बाकावर ठेवला आणि उजवा तळवा माझ्यासमोर धरला. "बोटांच्या टोकांना नाही कळत गं. ते थोडं गेलंय, ते खरंच आहे. पण इथे कळतं." त्याने अंगठ्याखालच्या मांसल भागावर बोट ठेवलं. "दांडा नसला की स्टीअरिंग आधी वळतं आणि गाडी मागून विचार करत येते. दांडा असला की दोघं एकदम. पूर्वी मी सगळं टोकांनी ऐकत होतो, म्हणून मला वाटलं आवाजच बंद झाला. आता ती जरा मोठ्याने बोलते आणि मी जरा दुसरीकडून ऐकतो."

एवढं सलग तो माझ्याशी क्वचितच बोलला असेल. मी ओढणी सोडली आणि चहा घेतला.

घरी आल्यावर त्याने चावी हुकाला अडकवली. आईने ते पाहिलं. संध्याकाळी टीव्हीखालचा ड्रॉवर आवरून तिने त्यात तिचे दोरे आणि बॉबिन भरून टाकले.

सेक्रेटरी काकांची कोपरची चक्कर झाली. त्यांनी हॉर्न इतका मारला की मेव्हण्याऐवजी समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाहेर आले.

मग एका रविवारी मी खाली गेले तर बाबा आधीच गाडीजवळ उभा. गाडी आता कडप्प्यावर नसते. दगड आम्ही जूनपर्यंत भिंतीला लावून ठेवले आहेत. त्याने चावी माझ्याकडे फेकली. "आज मी नाणं उडवलंय. आज तू सांगायचं."

त्याच्या तोंडावर आईची ओढणी होती, जांभळी, फुलांची.

मोहन्यापर्यंत मी लक्ष देऊन चालवली. भिंतीचं वळण मी नीट, सावकाश घेतलं. स्टीअरिंग हातात भरलेलं होतं, गाडी माझ्याबरोबर वळत होती. शंकाच नव्हती. टपरीपाशी थांबून मी म्हणाले, "आहे. अगदी शंभर टक्के आहे."

बाबाने ओढणी खाली केली, फोन काढला आणि घरी लावला, स्पीकरवर.

"अगं, दांडा कुठाय?"

"कुठे म्हणजे? गॅलरीत," आईचा आवाज आला. "दोन हुकांवर मस्त बसतो. त्यावर मी नॅपकिन वाळत घातलेत. आता लगेच मागू नका, ओले आहेत अजून."

बाबाने फोन ठेवला आणि माझा हात ओढून घेतला. बोटांची टोकं एकेक करून अंगठ्याने दाबून बघितली, डॉक्टरांसारखा चेहरा करून.

"काय झालं गं तुझ्या हातांना?" तो म्हणाला. "सरक, येताना मी चालवतो."